खड्ड्याची मोजणी

दादा, काल बेल्ह्याहून परतताना आपल्या खाणीपाशी गाडी थांबवली. खड्ड्यात पाणी साचलंय, कुणाच्या तरी म्हशी त्यात डुंबतायत. बघताना डोक्यात पुन्हा तीच तिडीक गेली.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. पुण्याकडची बांधकामं थंडावली, सरकारी रस्त्यांची कामंही रखडली आणि आपल्या क्रशरसमोर खडीचा ढीग शेडच्या वर गेला. ट्रक फिरकेना. नेमका तेव्हाच सरकारने रॉयल्टीचा दर वाढवला. तुमची ही लेक कॉलेजला सुट्टी म्हणून घरी आली होती. जुन्नरहून तहसीलचे साहेब येतात आणि टेप घेऊन थेट खड्ड्यात उतरतात; टेपचं दुसरं टोक तुम्ही माझ्या हातात देता. डोंगरातून जेवढा दगड निघाला तेवढी रॉयल्टी. तो विकला गेला की तसाच पडून आहे, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही.

तुम्ही म्हणालात, "सायेब, खड्डा मोजताय तसा ह्यो ढीग बी मोजा की. माल इकलाच न्हाई, तर पैसं आणू कुटनं?"

"ढीग मोजायचा नियम नाही," साहेब टेप गुंडाळत म्हणाले.

ओतूरचे शेठ शेजारीच उभे होते. तुमच्या शब्दावर त्यांनी क्रशरमध्ये पैसा घातला होता. ते हळूच म्हणाले, "भाऊ, नफ्यात सरकारचा वाटा, आन तोट्यात आपुन दोघंच. मशीन इकून टाकू."

अहो, पीक बुडालं तर निदान आणेवारी लावून सूट तरी देतात! मंदीची आणेवारी कुणी लावायची? दर ठरवणाऱ्यांपैकी एकाने तरी कधी न खपलेल्या मालाकडे बघत दिवस काढलाय का? क्रशर भंगारात गेला. पुढे नाशिक रस्त्याची कामं निघाली, खडीला लई भाव आला, पण तोवर आपल्याकडे ना मशीन होतं, ना तुम्ही.

सरकारवरचा हा राग मी चारचौघांत मोठ्याने बोलून दाखवते. दुसरा राग कुणाला सांगितलेला नाही. हे तुमच्या हाती पडणार असतं, तर इथेही लिहिला नसता. त्या दिवशी रॉयल्टी भरायला मुदत मागताना तुम्ही साहेबांपुढे हात जोडलेत, आपल्याच कामगारांदेखत, आणि मला साहेबांपेक्षा तुमचाच जास्त राग आला. तो अजून गेलेला नाही, दादा.