मंद चालीच्या तबकडीची वाटणी

मी सुंदरम्मा, मयत मल्लप्पांची बायको, वय अदमासे एकाहत्तर, धंदा शेंगाचटणी कुटून विकणे, राहणार नवी पेठेमागचा बोळ, सोलापूर, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहवून घेते. डोके ठिकाणावर आहे. अक्षर येत नाही, म्हणून लेखणी दस्तलेखक निंगप्पांची, शब्द माझे. मध्येच त्यांनी गोड करायला घेतले तर मला कळते.

१. राहते दोन खोल्यांचे घर माझ्या कष्टाचे. ते मुलगा शरणप्पा यास. पण अट आहे, ती कलम पाचमध्ये.

२. उखळ आणि मुसळ सून काशम्मा हिला. ती गिरणीतून कूट आणते आणि माझ्या नावाने चटणी विकते. आता कुटावे. हात दुखतील. दुखू देत.

३. दोन पाटल्या नात मल्लव्वा हिला. बापाने 'सांभाळायला' मागितल्या तर देऊ नयेत. तो गोड बोलतो, ते माझ्यावरच गेले आहे.

४. चावीचा ग्रामोफोन आणि एक तबकडी. याची हकीकत सांगणे भाग आहे.

मी कापडगिरणीच्या साहेबाच्या बंगल्यावर भांडी घासत होते. मडम पायाच्या बोटांवर उभी राहून नाचे, त्याला बॅले म्हणत. माझ्या लेकीला, रत्नम्माला, तिने पावले दाखवली आणि विलायतेला जाताना ग्रामोफोन व तबकडी देऊन गेली. रत्नम्मा तेव्हा अकराची. त्या गाण्यावर तिने घरी तीन वर्षे नाच बसवला. गाणे कसे, तर संथ, खालच्या पट्टीतले, मयताच्या घरी बसल्यासारखे. गाण्याच्या एका वळणाला माझ्या मुसळाचे आठ घाव बसायचे.

शाळेच्या संमेलनात तीच तबकडी विजेच्या यंत्रावर लावली. गाणे पळत सुटले. पोर मागे राहिली, धडपडली. लोक हसले. पहिला हसला शरणप्पा, पुढच्या रांगेत बसून. रत्नम्मा मला बिलगून म्हणाली, "अव्वा, गाणं पळालं की गं!"

मी म्हणाले, "गाणं कसं पळंल? तुझेच पाय चुकले."

"नाक कापलं," म्हणून शरणप्पाने महिन्याच्या आत तिला वळसंगला देऊन टाकली. अक्षता मीही टाकल्या. त्यानंतर तिचा पाय तालावर हललेला कुणी पाहिला नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी मठातल्या पेटीवाल्या गुरुबसप्पांच्या नव्या यंत्रावर ती तबकडी ऐकली. मांडीवर ठोके धरले. त्याच वळणाला आठ नव्हे, सात. गुरुबसप्पा पेटीवर बोट ठेवून म्हणाले, "काळी दोनचं गाणं तुमच्या घरी काळी एकला उतरलंय, सुंदरम्मा. संथ वाजतंय म्हणून रडतंय. मुळात हे बागडणारं गाणं हाय."

ग्रामोफोन उघडला तर स्प्रिंग ढिली. शरणप्पाला विचारले. "आणला त्याच आठवड्यात मी चावी लई पिळली हुती, अव्वा. मार बसंल म्हणून बोललो न्हाय."

संमेलनात हसतानाही त्याला हे ठाऊक होते. मला कळून नऊ वर्षे झाली. रत्नम्माला सांगायला दोनदा वळसंगला गेले. दोन्ही वेळा शेंगा घेऊन परत आले. निंगप्पा विचारतात, का? लिहा, की लेकीचे तोंड बघवले नाही.

५. माझे दिवस झाल्यावर शरणप्पाने भरल्या घरात, रत्नम्मासमोर उभे राहून कलम चार मोठ्याने वाचावे, स्वतःचे शब्द न गाळता. शेवटी म्हणावे, "अक्का, पाय तुझे चुकले नव्हते. चूक माझी आणि अव्वाची." धाकट्या बहिणीला अक्का म्हणायला जीभ अडेल. म्हणूनच सांगते. न वाचल्यास घर मठाला जावे.

६. मला आमच्या रीतीने मातीत बसवताना कुणी रडगाणे लावू नये. ते मी पुष्कळ ऐकले.

७. ग्रामोफोन व तबकडी रत्नम्माला. अट काही नाही. वाजवावी, फोडावी, चुलीत घालावी. स्प्रिंग मी मुद्दाम दुरुस्त केलेली नाही. तिला पाहिजे ती चाल तिने ठरवावी.

निशाणी डावा अंगठा : सुंदरम्मा
साक्षीदार : गुरुबसप्पा (पेटीवादक), फुलाबाई (शेजारीण)
सोलापूर, १८ नोव्हेंबर १९७४

मजकूर वाचून दाखवला, कबूल केला. कलम पाच बाईंनी दोनदा वाचायला लावले, दुसऱ्यांदा सावकाश. — निंगप्पा, दस्तलेखक