डाव्या वळणावरची खोट

४ मार्च

आलं! पार्सल आलं. जेवणाच्या सुट्टीत घरी आलो, तर दारातच पडलेलं. वहीच्या कागदात गुंडाळलेलं आणि कागदावर कुणाचं तरी अर्धवट सोडवलेलं गणित. बाई शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी त्यांच्या घरच्या वह्या संपत नाहीत. आत चासी आणि चिठ्ठी. ‘दातवाले, डाव्या वळणावर मागून सुटते. बघाल का?’

बघतो की. एका ओळीची चिठ्ठी सहा वेळा वाचली. वय वर्षं छप्पन्न. कठीण आहे.

५ मार्च

बहिणीची मैत्रीण आली होती. माझं टेबल बघून विचारते, ‘हे काय करता, दादा?’ मी तोंड उघडायच्या आत बहीण म्हणाली, ‘दिवसभर लॅबमध्ये लोकांचे दात करतो, संध्याकाळी खेळण्यांची हाडं.’

मग मी नीट सांगितलं. लाकडी ट्रॅकला खाच असते. तळहाताएवढी गाडी खाचेत नाक घालून धावते, वीज तिथूनच घेते. चालवणाऱ्याच्या हातात फक्त एक ट्रिगर. जास्त दाबला की गाडी वळणावर उडाली. वरचं रंगीत कवच दुकानात मिळतं, पण खालचा सांगाडा म्हणजे चासी. पितळेची पट्टी, पोलादी तारा, आणि सगळं वितळलेल्या धातूचा डाख देऊन जोडायचं. ती मी हातानं बांधतो, ज्याच्या त्याच्या बोटाच्या सवयीप्रमाणे. मैत्रीण म्हणाली, ‘अय्या, छान.’ एक अक्षर कळलं नसणार. बहीण चहा गाळता गाळता हसत होती.

९ मार्च

‘खोट सापडली’ असं लिहायला पेन उचललं होतं. पण ही वही कोण वाचतंय? इथं तरी लपवाछपवी कशाला.

सापडली नाही. मला माहीतच होती. मीच ठेवली होती.

मागच्या चाकांचा आस दोन बुशांतून, म्हणजे बारीक कड्यांतून जातो. डावं बुश बसवताना साच्यावरची पिन केसाएवढी सरकवली आणि डाख दिला. केसाएवढीच. सरळ रस्त्यावर काही कळत नाही, उजवीकडेही नाही. डावीकडे जोरात घेतली की मागची बाजू अलगद बाहेर जाते. मग बाईंची चिठ्ठी येते. मग मी ते बुश सरळ करतो आणि दुसरीकडे कुठेतरी केसाएवढं काहीतरी ठेवून देतो. कधी नाकाचा खिळा घट्ट, कधी बाजूच्या पट्टीची बिजागरी सैल. सव्वा वर्ष हे चाललंय. सात वेळा चासी गेली, सात वेळा आली.

लॅबमध्ये एखादा दात केसाएवढा उंच राहिला, तर मी झोप उडालेल्या माणसासारखा तो घासत बसतो. आणि इथं ही लबाडी! लाज वाटते. पार्सल आलं की वाटत नाही.

१३ मार्च

शनिवार. ट्रॅकवर गेलो. फर्निचरच्या दुकानाखालचं तेच तळघर, तोच तेलाचा आणि तापलेल्या मोटरींचा वास. बाईंच्या तिसऱ्या लेनवर आता नळवाला उभा राहतो. माणूस चांगला आहे. पण तिथं का उभा राहतो?

चार वर्षांपूर्वी बाई पहिल्यांदा आल्या त्या नवऱ्याच्या गाड्यांची पेटी घेऊन. ते वारले होते, आणि पेटी कुणालातरी देऊन टाकायची होती. ट्रॅकवाला म्हणाला, ‘एकदा चालवून तर बघा.’ पहिल्याच वळणावर गाडी उडाली ती थेट माझ्या चहात. मी म्हटलं, ‘बाई, वळणाच्या आधी बोट सोडायचं.’ त्या म्हणाल्या, ‘तीस वर्षं मुलांना सांगतेय घाई करू नका, आणि बघा माझं.’ पेटी परत घेऊन गेल्या. पुढच्या शनिवारी पेटीसकट हजर. मी त्यांच्या बोटासाठी पहिली चासी बांधली. उशिरा सुटणारं बोट. मागे जरा जड, पुढे मऊ.

मग मुलीला बाळ झालं आणि त्या तिकडे राहायला गेल्या. बसनं नऊ तास. निघायच्या शनिवारी मी नवी चासी हातात दिली आणि म्हणालो, ‘काही बिघडलं तर पाठवा.’ दुसरं वाक्य तोंडात तयार होतं. त्या जिना चढून गेल्या. त्यांची चप्पल दिसेनाशी होईपर्यंत मी जिन्याकडे बघत होतो. नंतर कुठेतरी मनानं हिशेब लावला असणार, बिघडलं तरच पाठवतील!

१४ मार्च

बाईंना फोन केला. ‘इकडे गरम आहे.’ ‘इकडेही.’ ‘बाळ?’ ‘चालायला लागला.’ ‘बरं.’ ‘बरं.’

फोनचा शोध माझ्यासाठी नाही.

१७ मार्च

चासी पाठवली. डावं बुश सरळ केलं. उजवीकडची मागची तार अर्ध्याच डाखावर ठेवली.

११ एप्रिल

पार्सल. हात धुवायच्या आधी उघडलं. या वेळी चिठ्ठी मोठी.

‘दातवाले, इथल्या शर्यतीत तिसरी होते. शेवटच्या फेरीत उजवी तार सुटली, गाडी भिंतीवर. सातवी आले. इथले लोक म्हणाले, तुमचा कारागीर कच्चा दिसतो. मी म्हटलं, कारागीर पक्का आहे, माझंच बोट जड आहे. महिनाअखेरीला मोठी शर्यत आहे. मला एकदा तरी जिंकायचंय. नीट बांधून द्याल ना?’

माझ्यासाठी त्या खोटं बोलल्या. स्वतःवर घेतलं. आणि मी अर्धा डाख देऊन पार्सलची वाट बघत बसलो होतो.

१२ एप्रिल

बहिणीनं विचारलंच. ‘आठव्यांदा? तुझे दात तर कधी कुणी परत आणत नाही.’

मी म्हटलं, ‘दात वेगळे.’

‘हो ना. दातांना नऊ तास लागत नाहीत.’ भाजी चिरता चिरता म्हणाली, वर बघितलंही नाही. मग भाजी कढईत टाकून, ‘लिही तिला सरळ.’

‘काय लिहू?’

‘टेबलाशी बसून पुटपुटतोस ते.’

मी पुटपुटतो? पुटपुटत असेन.

१६ एप्रिल

जुनी चासी नाही. नवीच घेतली करायला.

आज फक्त पितळ. पट्टी काचेवर ठेवून चारी कोपरे दाबून पाहिले. एक कोपरा किंचित डुलत होता. कानशीनं घासला, परत ठेवली, परत घासला. डुलायची थांबली तेव्हा खिडकीत ऊन कलंडलेलं.

१८ एप्रिल

तारा वाकवल्या, साच्यावर बसवल्या. बुशांच्या पिना तीनदा मोजल्या. एकदा लॅबच्या भिंगानं, एकदा घरच्या, आणि एकदा डोळे मिटून बोटानं. बोट खोटं सांगत नाही. डाख असा वाहिला की मीच बघत राहिलो. इतकी सरळ वस्तू मी आयुष्यात बांधली नव्हती. बांधता येत होती म्हणजे. सव्वा वर्ष बांधली नाही, एवढंच.

मध्येच एकदा हात थांबला. एक केस, फक्त एक केस सरकवू का? शर्यत होईपर्यंत टिकेल आणि मग... नाही. त्यांनी ‘नीट’ लिहिलंय.

ही परत यायची नाही. हे मला कळतंय, आणि तरीही आस बुशांतून कसा गुळगुळीत फिरतो ते दहा वेळा फिरवून बघितलं. त्यांच्या टेबलावर असता आलं असतं तर, असं वाटलं. मला. चासीबरोबर पुठ्ठ्यात बसून.

२० एप्रिल

पाठवली. चिठ्ठीत लिहिलं, ‘नीट आहे.’ दुसरं वाक्य लिहिलं होतं, खोडलं. खोडलेलं दिसत होतं म्हणून नवा कागद घेतला.

३० एप्रिल

ट्रॅकवाल्याला फोन आला. बाई पहिल्या! आठ जणांत पहिल्या! शेवटच्या डाव्या वळणावर दोघं उडाले आणि त्या बोट न सोडता पार झाल्या. मी नळवाल्याला मिठी मारली. तो बिचारा तिसऱ्या लेनवर दचकून उभा. घरी आल्यावर बहिणीनं शिरा केला, तोही मी न मागता.

७ मे

पोस्टकार्ड. ‘फार छान धावली. आता काही करायला नको.’

काही करायला नको.

१५ मे

काही नाही.

२३ मे

टेबल आवरलं. तारा लांबीप्रमाणे लावल्या, कानशी पुसल्या. बहीण दारात उभी राहून म्हणाली, ‘अरे, एवढं नको आवरूस.’ तिचा आवाज नेहमीसारखा टवाळ नव्हता.

आठवण येते, असं सरळ लिहितो. त्या वळणाच्या आधी ओठ दुमडायच्या, त्याची. ‘दातवाले’ म्हणायच्या, त्याची. चार वर्षांतले शनिवार मोजता येतील एवढेच होते, आणि मी प्रत्येक वेळी गाडीकडे बघत बसलो.

१ जून

पत्र लिहिलं. सगळं. पिन, अर्धा डाख, सातवा नंबर कुणामुळे आला ते. चार पानं. वाचून पाहिलं तर लबाड माणसाचा जबाब वाटला. पोस्टात टाकलं नाही. फाडलंही नाही. उशाखाली आहे.

९ जून

काही नाही. लॅबमध्ये एका आजोबांची कवळी दिली. घालून आरशात बघून म्हणाले, ‘आता बोलायची सोय झाली.’ त्यांची झाली.

१८ जून

पार्सल! एप्रिलमध्ये बांधलेली तीच नवी चासी. चिठ्ठी, ‘आपोआप सुटलं. बघाल का?’

भिंगाखाली धरली. सुटलंय ते डावं बुश. पण धडकल्याची खूण कुठेच नाही, तार सरळ, पट्टीवर ओरखडासुद्धा नाही. डाख तुटलेला नाही, वितळवलेला आहे. भोवतीचं पितळ काळं पडलंय, डाखाचे थेंब भलतीकडे उडालेत. आयुष्यात पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्न हातात धरलेल्या माणसाचं काम. बाईंचं बोट भाजलंही असेल.

लॅबमध्ये आठ दिवसांची रजा टाकली. उद्या सकाळची बस आहे. ही मी पोस्टानं पाठवणार नाही.