डाव्या स्पीकरची तार

बाबा, जैनाबादचे काका परवा दुकानात आले होते. आपल्या कॉलनीत भिंतीला भिंत लागून राहायचे, कागद कारखान्यात तुमच्याच मशीनवर, तुमच्याच पाळीत असायचे, तेच. आता नदीपलीकडे जैनाबादला मुलाकडे राहतात. टीव्हीचा आवाज इतका मोठा ठेवतात की सुनेने शेवटी हात जोडले, म्हणून हेडफोन घ्यायला आले. बुऱ्हाणपूरला राजपुऱ्यात आमचं दुकान आहे, तुम्ही गेल्यावर सुरू केलेलं. हेडफोन, ब्लूटूथ स्पीकर, होम थिएटर, त्यांच्या तारा आणि पिना. केळीला चांगला भाव मिळाला की निंबोल्याकडची पोरं येतात आणि घर हादरेल असा वूफर मागतात. कुठली पिन कुठे जाते, टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज कुठे अडकलेला असतो, हे मला झोपेतही सांगता येईल. एकच गोष्ट मी करत नाही. कुणी विचारलं, "ताई, यातला कोणता चांगला वाजतो?" तर मी सांगत नाही. "माझे कान जरा कमी आहेत, तुम्हीच ऐकून घ्या," म्हणते, नाहीतर नवऱ्याला हाक मारते. गिऱ्हाईक हसतं. हेडफोन विकणारी बाई आणि म्हणे कान कमी. मीही हसते, सवयीने.

कान कमी असल्याचं मला ज्या दिवशी कळलं तो दिवस तुम्हालाही आठवत असणार. मी सातवी-आठवीत होते. बोनस झाला होता आणि तुम्ही बुऱ्हाणपूरहून अँप्लिफायर आणि दोन स्पीकर आणले होते, टेम्पोत स्वतः मागे बसून. अख्ख्या कॉलनीत तसा सेट नव्हता. तुम्ही दुपारभर खपून तो जोडलात. लाल तार लालमध्ये, काळी काळ्यात, तोंडाने तार सोलत. संध्याकाळी पाळीतले सगळे आले, काका आले, आणि तुमचे सुपरवायझरही आले. त्यांच्यासाठी शेजारून खुर्ची मागवली. आई आत भजी तळत होती, मी ताटल्या नेत होते. तुम्ही कॅसेट लावलीत, डोळे मिटलेत आणि मान डोलवायला लागलात. तुमचं बघून सगळेच डोलायला लागले. सुपरवायझर म्हणाले, "वा, क्या बात है, दोनों तरफ से एकदम साफ." मी ताटली हातात घेऊन डाव्या स्पीकरजवळ उभी होते आणि त्यातून काहीच येत नव्हतं. सगळा आवाज पलीकडच्या एकट्यातून. मला वाटलं, तुम्हाला मदत होईल. मी म्हणाले, "बाबा, हा डावा वाजतच नाहीये."

तुम्ही डोळे उघडलेत. तो चेहरा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. मला वाटलं होतं तुम्ही रागावलात. आता कळतं, तुम्ही घाबरला होतात. पण आवाज तर खणखणीत होता: "हिच्या कानात मळ भरलाय. अभ्यासाचं सांगितलं तरी हिला ऐकू येत नाही, स्पीकर काय ऐकू येणार!" सगळे हसले. सुपरवायझर सगळ्यात मोठ्याने. मी आत गेले आणि आईच्या मागे तोंड लपवून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर तुम्ही सेट लावून बसला होतात. मला हाताला धरून डाव्या स्पीकरपुढे उभं केलंत. तो वाजत होता. छान, भरून वाजत होता. तुम्ही म्हणालात, "आता येतंय ऐकू? कालही असाच वाजत होता." मी मान हलवली. काल वाजत नव्हता आणि आज वाजतोय, मधे कुणी हात लावलेला नाही, मग बिघाड माझ्यातच असला पाहिजे. मुलीचा बाप सांगतोय म्हटल्यावर मुलगी दुसरा काय हिशोब लावणार? त्या दिवसापासून आई माझ्या कानांत लसूण टाकून गरम केलेलं तेल घालायला लागली. स्वयंपाकघरात, चुलीशेजारी, माझं डोकं मांडीवर घेऊन. मला तो वास अजूनही सोसत नाही. कॉलनीतली पोरं "बहिरी, ए बहिरी" म्हणायची आणि तुम्ही ओट्यावर बसून ते ऐकायचात. म्हणजे मला वाटायचं, ऐकता.

मग बारावीनंतरचं. इंदूरला साउंड रेकॉर्डिंगचा कोर्स होता, शाळेतल्या मॅडमनी सांगितलं होतं. मला तेच करायचं होतं. बाकी मुली गाणं ऐकायच्या तेव्हा मी तबला कुठे बसलाय, बासरी किती लांब आहे, ते ऐकायचे. हे कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप यायचं. मी तुम्हाला विचारायला आले, बरोबर आठवतं, तुम्ही जेवत होतात. तुम्ही घास थांबवलात आणि अगदी मायेने म्हणालात, "बेटा, ते कानाचं काम आहे. तुझ्या कानाला ते जमणार नाही. तिथे जाऊन चार लोकांत हसं होईल." ओरडला असतात तर मी भांडले असते. मायेने बोललात म्हणून गप्प बसले. बी.कॉम. झाले. आणि पेपर संपल्यावर तुम्ही मला मोठे गादीवाले हेडफोन आणून दिलेत. म्हणालात, "यात आवाज अगदी कानाला चिकटून येतो, तुझ्यासारखीला बरं." मी ते कितीतरी वर्षं जपून वापरले. माझ्या बापाने माझ्या उणिवेची काळजी घेतली म्हणून मैत्रिणींना कौतुकाने दाखवले.

परवा काकांना मी आधी ब्लूटूथचे हेडफोन लावून दिले, दुकानातल्या टीव्हीला जोडून. बातम्या चालू होत्या. त्यांनी एक मिनिट बघितलं आणि काढून टेबलावर ठेवले. "हे नको बेटा. याच्यात तोंड पहले हालतं, आवाज मागून येतो." ब्लूटूथमध्ये तसं होतं, थोडा आवाज मागे राहतो, पण इतका थोडा की तरण्याताठ्या गिऱ्हाइकांच्याही लक्षात येत नाही. मी म्हणाले, "काका, तुम्ही लगेच कसं पकडलं?" मी दुसरे काढले, लांब तारेचे, सरळ टीव्हीच्या मागे लावायचे. ते लावून देताना काका बोलत होते, नेहमीसारखे कारखान्यातल्यासारखं ओरडून. "मशीनच्या खोलीत कोण कोणाचं ऐकायचं? आम्ही सगळे तोंडं वाचायचो. ओठ बघून बोलायचं, बोटं दाखवून बोलायचं. तुझा बाप तर त्यात उस्ताद होता. त्याला करावंच लागायचं ना, त्याचा डावा कान तर पूरा गेलेला."

मी म्हणाले, "कुणाचा?"

"अरे, तुझ्या बापाचा! मशीन डाव्या हाताला होतं त्याच्या. तू झाली नव्हतीस तेव्हापासून." काकांना वाटलं मला माहीत आहे, म्हणून ते रंगात आले. दरवर्षी डॉक्टर कान तपासायला यायचा, तुमच्या मागे उभा राहून हळू आवाजात आकडे बोलायचा. काका समोरच्या खिडकीबाहेर उभे राहून डॉक्टरचे ओठ वाचायचे आणि बोटांनी तोच आकडा तुम्हाला दाखवायचे. पुढे काकांची पाळी आली की खिडकीत तुम्ही. "बहिरा निघाला की सरळ बांबूच्या यार्डात. मशीनवरचा माणूस यार्डात गेला म्हणजे इज्जतच गेली समज. म्हणून एकमेकांचं झाकायचो सगळे." मी विचारलं, "आणि तो सेट आणला तो दिवस आठवतो? मी म्हणाले डावा वाजत नाही?" काका इतके हसले की डोळे पुसावे लागले. "आठवतो ना! मले तर काहीच कळत नव्हतं, डावा वाजतो का उजवा. सगळे मुंडी हलवत होते, मीबी हलवली. तुझा बाप साहेबाकडे बघून हलवत होता, आणि साहेब तुझ्या बापाकडे बघून. त्यालाबी कुठे ऐकू येत होतं! खोलीत एक तूच ऐकणारी होतीस, बेटा." मग त्यांनी पैसे दिले, सुनेसाठी घेतलेल्या मिठाईच्या, दराब्याच्या डब्यातून माझ्या हातावर थोडा ठेवला आणि गेले. त्यांना वाटलं त्यांनी मला एक गंमत सांगितली.

आई आता माझ्याकडेच असते. मी दुकान नवऱ्यावर टाकून घरी गेले आणि तिला समोर बसवून विचारलं. आधी तिने कानावर हात ठेवले, मग रडली, मग सांगितलं. मी शाळेत गेल्यावर तुम्ही सेट मागून काढलात. डाव्या तारेचं प्लास्टिक नीट सोललेलंच नव्हतं, क्लिपने तांब्याऐवजी प्लास्टिक पकडलं होतं. मी रोज दुकानात दहा जणांना सांगते ती चूक. "ते तार हातात धरून बसले होते," आई म्हणाली, "म्हने, पोरगी बरोबर बोलली. पन तिले सांगू नको. तिनं शाळेत बोललं, इकडं तिकडं बोललं, तर साहेबाच्या कानावर जाईन."

"आणि तेल?"

"ते म्हने, घाल. म्हंजे तिले वाटंन आपलंच चुकलं."

"आणि तू घातलंस."

"तेलानं काही होत नाही कानाले," आई म्हणाली.

बाबा, तुमचा कान गेला याचं मला वाईट वाटतं. मी डावीकडून हाक मारली की तुम्ही बघायचा नाहीत आणि मी तासन् तास विचार करायचे की माझं काय चुकलं, तेही मी आज सोडून देते. यार्डात जायची लाज समजते. त्या संध्याकाळी साहेबांपुढे माझ्यावर ढकललंत, तेही मी एक वेळ गिळलं असतं. माणूस घाबरला की जवळच्याच माणसाला पुढे करतो. पण दुसऱ्या दिवशी साहेब नव्हते. खोलीत आपण दोघंच होतो. तेव्हा तुम्ही मला हाताला धरून त्या स्पीकरपुढे उभं केलंत आणि माझ्या डोळ्यांत बघून सांगितलंत की कालही वाजत होता. ते कशासाठी? आणि बारावीनंतर? तोवर तर तुमची रिटायरमेंट तोंडावर आली होती. तेव्हा एक वाक्य बोलला असतात तर मी इंदूरला गेले असते. कारखान्यात तुम्ही एकमेकांसाठी खिडकीत उभे राहायचात. माझ्यासाठी तुम्हाला काही करायचंही नव्हतं, फक्त खोटं मागे घ्यायचं होतं. तुम्हाला माहीत होतं की तुमच्या घरात एक चांगला कान आहे, आणि तो तुम्ही बंद केलात. मला तुमचा राग येतो आणि त्याहून जास्त मला फसल्यासारखं वाटतं, कारण एवढी वर्षं मी तुमची आठवण काढायचे ती त्या हेडफोनमुळे.

काल कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. छोट्याशा बंद खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, तुमचे कान वयाच्या मानाने फारच चांगले आहेत, कशासाठी आलात? मी त्यांना पुन्हा विचारलं, दोन्ही? ते म्हणाले, दोन्ही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही असलं काही मी म्हणणार नाही. पत्ता असता तरी पाठवलं नसतं, आणि त्याचं कारण आज सकाळचं आहे. कंपनीचा सेल्समन नव्या हेडफोनचे खोके घेऊन आला होता. नवरा बाहेर गेला होता. मी ठरवलं, आज आपणच ऐकायचं. एक खोका फोडला, कानाला लावला आणि गाणं सुरू झाल्या झाल्या कळलं की उजवीकडे आवाज दबलेला आहे. मी त्याला तसं सांगितलं. त्याने स्वतः लावून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, दोनों साइड बराबर है. आपका वहम होगा." आणि बाबा, माझी मान आपोआप हलली. "हां, असेल," मी म्हणाले. तो गेल्यावर मी ते परत लावून बघितले. उजवी बाजू दबलेलीच होती. मी ते पुसून खोक्यात घातले, नवरा आला तेव्हा त्याला एका शब्दाने बोलले नाही, आणि ते अजून शेल्फवर विकायला ठेवलेले आहेत.