थेंबानंतरचे वीस आकडे

ती. आईला लेकीचा नमस्कार.

माझ्या चिमीच्या चष्म्याचा नंबर सहा महिन्यांत तेवढाच राहिला, मग डोळ्यांत थेंब कशाला, असं तू लिहिलंस. अगं, वाढला नाही हाच तर औषधाचा गुण. बाटली पुरवून पुरवून वापरू नकोस, रोज निजताना घाल. मी इथे कारखान्यात दिवसभर चष्म्याच्या काचा घासते. पोराटोरांच्या जाड काचा रोज हातात येतात, म्हणून बजावते.

मी मजेत आहे. खोलीत ऊन येतं. तुझे गुडघे कसे आहेत?

थेंब पडला की चिमी डोळे मिटून वीस आकडे मोजते ना? त्या वेळेला इथे मीही मोजते. वीस झाले की तिला तू दिसतेस. मला कपाट दिसतं.

तुझी,
थोरली