येशूच्या जागी राया

मेम्फिस,
९ मार्च १९७४

प्रिय अर्लीन,

तुझं पत्र पोचलं. भावोजींच्या गुडघ्याला उतार आहे हे वाचून बरं वाटलं. माझं चाललंय. हॉटेलच्या धुलाईखान्यात दिवसभर चादरींना इस्त्री करते. वाफेने केस मात्र कुणाच्या बापाला आवरत नाहीत.

ईस्टरला चर्चमध्ये आईच्या नावाने प्रार्थना आहे, तिथे मी आईचं गाणं म्हणावं, असं लिहिलंस. क्लबात गाते म्हणून ज्यांनी चर्चच्या यादीतून माझं नाव काढून टाकलं, ते पास्टरसाहेबही राजी झाले म्हणे. या बोलावण्याची मी किती वाट पाहिली, ते तुला ठाऊक आहे. पण जमणार नाही गं. सुट्टी मिळायची नाही, शिवाय घसा बसलाय.

खोटं कशाला लिहू? घसा ठणठणीत आहे.

माझी चाललेली रेकॉर्ड एकच. स्टुडिओचा मालक म्हणाला होता, "चाल तीच ठेव पोरी, फक्त येशूच्या जागी राया म्हण." तेव्हा सगळेच तसं करायचे. आईचं 'येशू, दार लावू नकोस' होतं, माझं 'राया, दार लावू नकोस' झालं. न्हाव्यांच्या दुकानांत ते एक उन्हाळाभर वाजलं. पुढे उमेदीची सारी वर्षं मी गावोगाव तेच गात घालवली. मोठ्या गायकांच्या आधी, लोक खुर्च्या शोधत असताना. आईने ती रेकॉर्ड घरात येऊ दिली नाही. शेजारच्या रेडिओवर लागली की खिडकी लावून घ्यायची.

आई गेली त्या दुपारी तू चर्चच्या स्वयंपाकघरात कोंबडी तळायला गेली होतीस. आईला दिसत नव्हतं, माणसंही ओळखू येत नव्हती, पण "माझी व्हर्नेल येईल, माझं गाणं म्हणेल," हे तिचं चालूच होतं. मी तिचा हात धरून गायला लागले. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्याला डोळे मिटले, आवाज लागला, आणि सवयीने तोंडातून 'राया' गेलं.

आईने हात काढून घेतला. म्हणाली, "ही ती रेडिओवरची बाई. हिला बाहेर काढा. माझ्या व्हर्नेलला बोलवा, ती येईपर्यंत मी थांबते."

आई, मीच गं, असं कितीदा म्हटलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. तू येईपर्यंत सगळं संपलं होतं. शेवटी काय बोलली, असं तू विचारलंस, तेव्हा झोपेतच गेली म्हणून सांगितलं.

रोज एकटीने म्हणून पाहते. येशू म्हणायला जाते आणि रायाच निघतो. पास्टरसाहेबांना सांग, दुसऱ्या कुणाला तरी गायला उभं करा.

आईला शेवटपर्यंत न भेटलेली
तुझी बहीण,
व्हर्नेल