डोंगरावरची टोपलीभर माती

१८ मे १९७४, परभणी

माती घालून जिवाणू वाढवलेल्या काचेच्या प्लेटा मोजल्या. पुन्हा तेच. बोरीच्या डोंगराची पायथ्याची माती : जिवाणूंचे ठिपके खचाखच. मधल्या उताराची : विरळ. इथपर्यंत पुस्तकात लिहिल्यासारखं. वर जावं तशी माती कमी, ऊन जास्त, पालापाचोळा नाहीच, मग जिवाणू कशावर जगणार. आणि माथ्याच्या प्लेटा पायथ्यासारख्याच भरलेल्या! त्या उघड्याबोडक्या मुरमावर हे आले कुठून?

सर म्हणाले, "जाधव, खुरपं नीट जाळून घेतलं नसेल तुम्ही. पायथ्याचे जिवाणू त्यालाच चिकटून वर गेले." घेतलं होतं. स्पिरिटच्या दिव्यावर लाल होईपर्यंत. शेवटी म्हणाले, "चला, या वेळी मी स्वतः येतो."

सर पुण्याचे. इथं आमच्या प्रयोगशाळेत येऊन दोन-अडीच वर्षं झाली. माझे गाइड. माझी नोकरी कायम होणं न होणं त्यांच्या एका शब्दावर आहे. ते येणार म्हणून आनंद व्हायला पाहिजे. मला आत्याची धास्ती.

आत्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला राहते. एप्रिलमध्ये एकटा गेलो तेव्हा अलीकडून चढलो, अलीकडून उतरलो. भेटलो नाही. वेळ नव्हता म्हणे. तीन वर्षं तिच्या घरी राहून, तिच्या हातचं खाऊन शाळा शिकलो, आणि मला वेळ नव्हता.

२१ मे, संध्याकाळ

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.

सकाळी जीप. वाटेत सर म्हणाले, "जाधव म्हणजे तुमची मोठी वतनाची जमीन असेल." मी हसलो. नुसता हसलो. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं असं वाटलं.

चढून वर. माथ्यावर सगळा खडक, एका जुन्या दगडी ओट्यामागं तेवढी वीतभर खोल माती. एप्रिलमध्ये ती सापडली तेव्हा किती खूश झालो होतो मी! तिथंच बसून बाटल्या काढल्या. सर धापा टाकत ओट्यावर बसलेले.

आणि पलीकडून आत्या आली. डोक्यावर टोपली. टोपलीत काळी माती. अनवाणी, ठिगळाचं लुगडं.

"आगं बया, बापू? कवा आलास रं? जय भीम!"

मी मान वर केली नाही. आधीच तापलेलं खुरपं पुन्हा दिव्यावर धरलं.

सर म्हणाले, "ओळखीच्या आहेत का?"

"नाही सर. या बायका हाक मारतात कुणालाही."

हे मी बोललो. माझ्या तोंडानं. ती चार हातांवर उभी होती. ऐकू न यायला काय झालं होतं?

आत्यानं टोपली ओट्यामागं रिकामी केली. माझ्या बाटल्यांच्या शेजारीच. टोपली दगडावर आपटून झटकली आणि आली तशी गेली. सरांनी विचारलं, बाई काय करत होती. म्हटलं, पूजाबिजा असेल सर.

पूजा कसली. तेव्हा आठवलं सगळं. पेरणीच्या आधी त्या अंगच्या बायका आपापल्या रानातली टोपलीभर माती वर नेऊन टाकतात. वर्षानुवर्षं. लहानपणी मीच तिच्या मागं चढायचो, चुंबळ हातात घेऊन. एप्रिलमध्ये त्याच मातीत खुरपं घालताना कसं आठवलं नाही मला? विसरायचं म्हणून इतकं कसून विसरलो होतो!

म्हणजे ती माती माथ्याची नाहीच. रानातली आहे. जिवाणू रानातले आहेत. मला तिथल्या तिथं कळलं, आणि मी बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या, "माथा" असं लिहिलं.

२२ मे

ताट तसंच परत केलं. मेसवाली मावशी म्हणाली, ऊन लागलं का. हो म्हटलं. लाजेला दुसरं काय नाव सांगणार.

२६ मे

प्लेटा आल्या. माथा भरलेला. सरांनी बाहेरून पेढे मागवले. सरांनी! एरवी चहालाही उठत नाहीत.

"जाधव, आपला हा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हाच. तिकडे गरम देशांत ज्वालामुखींच्या उतारावर लोक हेच बघतात, उंचीप्रमाणे जिवाणू कसे बदलतात. आपलं टेकाड असेल लहान, हसू नका. पण माथ्यावर जिवाणू परत वाढतात हे कुणी सांगितलंय? पुण्याच्या बैठकीत वाचू. तुमचं नाव माझ्या नावाशेजारी."

पेढा खाल्ला. गोड लागला, हे पण लिहून ठेवतो. बेइमान जीभ.

२८ मे

सरांच्या घरी चहाला. वहिनींनी विचारलं, "गावाकडे कोण कोण असतं?" म्हटलं, "सगळे शेतीवर आहेत." वहिनी म्हणाल्या, "तरीच. घरंदाज माणूस कळतो."

माणसं वाईट नाहीत. तिथंच सांगितलं असतं तर काय झालं असतं? कदाचित एक क्षण सगळे गप्प झाले असते, मग चहा झाला असता. एवढंच. म्हणूनच जास्त शरम वाटते. मला कुणी अडवलेलं नाही, मीच आपला कडी लावून बसलोय.

आणि खरी गोम ही : माथ्याच्या मातीचं सांगायचं तर आत्याचं सांगावं लागतं. एक धागा ओढला की सगळं उसवतं. ती कोण, तुला कसं माहीत, त्या दिवशी ओळख का दिली नाहीस.

२ जून

एस.टी.नं बोरीला. मग पायी. माफी मागायचीच असं ठरवून.

आत्या अंगणात ज्वारी पाखडत होती. लगेच उठली. हातपाय धुवायला पाणी, मग भाकर, ठेचा, कांदा फोडून. "वाळलास लय. खातोस का न्हाई तितं?" रागाचा एक शब्द नाही. मी एक घास घ्यायचो आणि सुरुवात करायचो, आणि पुन्हा घास घ्यायचो.

शेवटी म्हटलं, "आत्या, त्या दिवशी वर..."

तिनं सूप खाली ठेवलं. "आता बग, मला डोळ्यानं कमी दिसायलंय बापू. त्या दिशी डोंगरावर साहेब लोक आल्ते. त्यात एक पोरगं हुबेहूब तुझ्यावानी. मी आपली हाक मारून बसले! नंतर म्हनलं, न्हाई, आपला बापू कशाला आसंल. आला आसता तर आदी घरी आला आसता."

माझ्याकडं बघत नव्हती हे बोलताना. सगळं मालूम होतं तिला. मला सुटायला वाट करून दिली तिनं. आणि मी काय केलं? सुटलो. म्हटलं, "हो का." हो का! थू माझ्या जिंदगानीवर.

मग मातीचं विचारलं. वर का नेतात?

"आरं, दर पावसात डोंगराची माती आपल्या रानात उतरती. त्याच्या जिवावर पिकतंय आपलं. मंग टोपलीभर माघारी द्यायची. देव न्हाई, धरम न्हाई. घेतलं तर द्यावं, इतकंच."

निघताना तिनं फाट्यापर्यंत पोचवलं. मी तिच्या पाया पडलो. तेवढंच जमलं.

४ जून

सरांचा निबंध टाइप होऊन आला. खाली माझं नाव. ते बघितलं आणि राहवलं नाही. म्हटलं, "सर, ती माथ्याची माती तिथली नाही. गावातल्या बायका रानातली आणून टाकतात."

सरांनी टाइप केलेले कागद बाजूला ठेवले. चष्मा काढला, पुसला. मला वाटलं आता ओरडतील.

"कुणी सांगितलं?"

"तिथल्या एका बाईंनी."

अर्धं खरं. माझ्यासारखंच.

"मग निबंध थांबवू. पण ऐकीव गोष्टीवर नाही. उद्या जाऊ. त्या बाईंशी मला बोलू द्या. कुठल्या रानातली माती, किती वर्षं, कोण कोण टाकतं, सगळं विचारू. खोट्या माथ्यापेक्षा ही गोष्ट मोठी आहे हो जाधव! माणसं जिवाणू डोंगरावर चढवतायत." मग हळूच, "बरं झालं वेळेवर सांगितलंत. प्रामाणिक आहात."

तो शब्द ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

५ जून, आत्याच्या अंगणात

पेन्सिलीनं लिहायलोय. सर ड्रायव्हरला घेऊन वर गेलेत, ओटा पुन्हा बघायला. मी बाटल्या राखायच्या निमित्तानं खाली थांबलो.

जीप दारात उभी राहिली तेव्हा ठरवलं होतं, उतरल्या उतरल्या सांगायचं, सर, ही माझी आत्या. आत्या बाहेर आली. सरांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. हात जोडले. मला म्हणाली, "रामराम साहेब."

साहेब. मला.

माथ्यावरची टोपलीवाली बाई हीच, हे सरांच्या ध्यानात आलं नाही. खाली सतरंजीवर बसले, सगळं विचारून लिहून घेतलं. आत्या नीट सांगत होती, न घाबरता. त्यांनी विचारलं, "या जाधव साहेबांना तुम्हीच सांगितलंत ना हे?" ती म्हणाली, "व्हय जी. वाटेनं चालले व्हते, पानी मागितलं, तवा बोलनं झालं." एकदासुद्धा चुकली नाही. माझ्यासाठी इतकं खोटं ती पहिल्यांदाच बोलली असेल. मी मान खाली घालून मातीच्या पिशव्यांना गाठी मारत होतो. एका पिशवीला तीनतीन गाठी.

सरांना चहा कपात दिला. मलाही कपात, बशी धरून, अदबीनं, उभ्यानं. ज्या हातानं कान पिळून शाळेत धाडलं त्या हातानं. मी घेतला. "साखर कमी तर न्हाई ना साहेब?" नाही म्हटलं.

ती आता आत चुलीपाशी आहे. भांडी वाजायलीत. मधेच थांबतात. मग पुन्हा. नाक ओढल्याचा आवाज आला. धूर असेल. धूर नाही, चूल कधीच विझलीय.

सर खाली आल्यावर निरोप घेऊन निघू, निबंध दुसरा लिहू, नोकरी बहुतेक कायम होईल. आणि या घरात मी कायमचा साहेब होईन.

आत जाऊन तिला आत्या म्हणायचं, हात धरून बाहेर आणायचं, सरांपुढं उभं करायचं. चार पावलं आहेत. दार उघडं आहे.

सर उतरायला लागलेत.