बाकावरचा कोच

रायस्वाइक, सोमवार, १५ फेब्रुवारी २०२१

चि. यतीन,
अनेक आशीर्वाद. श्रुतीची सर्दी गेली असेल. मी ठणठणीत आहे. फोनवर तू लगेच "आई, जाऊ दे ना" म्हणतोस, म्हणून लिहिते आहे.

त्या सकाळी मी मेथी निवडत होते. गेल्या वर्षीचा मार्च, कोरोना नुकताच आलेला. तुझे बाबा कपड्यांच्या घड्या घालत होते, नेहमीसारख्या वाकड्या. तेव्हा ते एक गोष्ट बोलले. ते सांगायलाच हे पत्र आहे, पण आधी एका पुस्तकाचं सांगते.

कोपऱ्यावरच्या पेटीत लोक नको झालेली पुस्तकं ठेवतात, तिथे मला एक इंग्रजी पुस्तक मिळालं. वर फुटबॉल लिहिलेलं, चेंडू मात्र नारळासारखा. शेजारची मारलीस कुंपणापलीकडून म्हणाली, "हा आपला फुटबॉल नव्हे, कुमुदिनी. हे अमेरिकन चेंडू काखेत मारून पळतात!" म्हटलं, मग तर वाचायलाच हवं. रोज सहा पानं, शेजारी डिक्शनरी.

एझ्रा टॉलमन नावाच्या माणसाची ती हकीकत. सव्वाशे वर्षांपूर्वी तो कॉलेजकडून खेळला, डोक्यावर काही न घालता. नाक तीनदा मोडलं. पुढे वीस वर्षं कोच. तेव्हा नियम असा, की मॅच सुरू झाली की कोचने बाकावरून एक शब्द बोलायचा नाही. सगळं कप्तानाने ठरवायचं. एका मॅचमध्ये त्यांचा एक खेळाडू हाताने कायमचा अधू झाला. गावाने कप्तानाला धारेवर धरलं, त्याला खेळवलाच कशाला? पण खांदा आधीच दुखावलाय हे त्या खेळाडूने सकाळी फक्त टॉलमनला सांगितलं होतं. "मला बोलायची बंदी होती," असं तो वर्षानुवर्षं म्हणत राहिला. शेवटच्या प्रकरणात स्वतःच लिहितो, बंदी मॅच सुरू झाल्यावर होती. त्याआधी नव्हती, नंतरही नव्हती.

ते पान मी डिक्शनरी न उघडता वाचलं.

यतीन, एप्रिलमध्ये हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाईंचा फोन आधी मला आला होता. बाबा शुद्धीत नव्हते. तिने सावकाश विचारलं, मशीन लावण्याबद्दल ते कधी काही बोलले होते का? मी म्हटलं, "माय इंग्लिश नो गुड. कॉल माय सन."

तिचा शब्द न् शब्द मला कळला होता.

मेथी निवडताना बाबा म्हणाले होते, "कुमुद, मला त्या श्वासाच्या मशीनवर ठेवू नका. यतीनला आत्ता सांगू नकोस, घाबरेल. वेळ आली की तू सांग."
"भलतंच काय बोलता! त्या टॉवेलची घडी नीट घाला आधी."

वेळ आली आणि मी तुला पुढे केलं. आइंडहोवनला घरात एकट्याने, फोनवर, तू "नको" म्हणालास, आणि बाबा गेले. दिनकरकाका सगळ्या नातेवाइकांत "पोराने बापाला सोडलं" म्हणत राहिले, तुझ्याशी बोलणं टाकलं, आणि मी दहा महिने ऐकून घेतलं. तू बाबांच्या मनातलंच केलंस. ते माहीत असलेलं माणूस एकच होतं, मी. माझ्यावर रागाव. बोलायची घाई करू नकोस, मी इथेच आहे.

पुस्तक शनिवारी संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतला, साताऱ्याला फोन लावला आणि दिनकरभाऊजींना हे सगळं सांगितलं.

इंग्रजी समजणारी,
तुझी आई